गाडीत हाय-लिफ्ट जॅक ठेवताय? आधी तो पक्का बसवा. कुठे आणि कसा, वाचा सविस्तर

पाऊस सुरू झाला की पाणंद रस्त्यावर बोलेरो, थार, पिकअप अडकायला वेळ लागत नाही. काळी जमीन पाणी पिऊन फुगते, वरचा थर साबणासारखा निसरडा होतो आणि चाक एकदा जागेवरच फिरायला लागलं की गाडी बघता बघता एक्सेलपर्यंत खाली बसते. दर वेळी ट्रॅक्टरची वाट बघत बसायला नको म्हणून काही गाडीमालक आता उंच दातेरी पट्टीचा हाय-लिफ्ट जॅक जवळ ठेवतात. बाजारात तो फार्म जॅक या नावानेही मिळतो.

जॅक घेताना किती टनाचा, किती लांबीचा, कितीला, एवढं सगळं विचारलं जातं. पण तो गाडीत ठेवायचा कुठे आणि धरून ठेवायचा कशाने, हा प्रश्न मागे राहतो. मग तो मागच्या सीटखाली सरकवला जातो, पिकअपच्या हौद्यात टाकला जातो किंवा टपावरच्या कॅरिअरला सुतळीने बांधला जातो. त्याच गाडीत मागे बायका-पोरं बसलेली असतात, हौद्यात मजूर असतात. गाडी कुठे धडकली किंवा पलटी झाली, तर हा लोखंडी दांडा आतल्या माणसांवरच येतो. म्हणून जॅक बसवणं हे हौसेचं काम समजू नये. सीटबेल्टइतकंच ते सुरक्षेचं काम आहे.

हा जॅक असतो कसा

हाय-लिफ्ट जॅक मूळचा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमफील्ड गावचा. १९०५ पासून तो तिथे बनतो. शेतावरची कामं करायची, खांब उपटायचे, कुंपणाची तार ताणायची, यासाठी तिकडचे शेतकरी तो वापरत आले. पुढे जंगल, वाळवंट, चिखल अशा ठिकाणी गाडी चालवणाऱ्यांनी तो उचलला.

बांधणी सोपी आहे. भोकं असलेली एक उभी जाड पट्टी, खाली छोटा पाया, पट्टीवर वर-खाली सरकणारा धावक आणि लांब हँडल. हँडल खाली दाबलं की धावकातल्या दोन पिनांपैकी एक पिन पट्टीच्या पुढच्या भोकात जाते आणि दुसरी भार धरते. अशा रीतीने गाडी एकेक भोक वर चढते. गाडी वर न्यायची की खाली आणायची, हे धावकावरच्या छोट्या खटक्यावर ठरतं. पट्टीच्या वरच्या टोकाला घट्ट करायचा एक क्लॅम्प असतो.

हा जॅक ३६, ४२, ४८ आणि ६० इंच लांबीत येतो. ४८ इंची जॅक म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटर लांब आणि जवळपास १३ किलो वजनाचा. बसवण्याचा विचार करताना हे दोन आकडे डोक्यात ठेवायचे. तुमची गाडी फार उंच केलेली नसेल तर ४८ किंवा ६० इंचाची गरज आहे का, हे घेण्याआधीच बघा. लहान जॅकला जागा कमी लागते आणि त्याचं वजनही कमी असतं.

सुटा जॅक किती जोराने लागतो

गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, समोर अचानक म्हैस आली आणि गाडी झाडावर गेली, असं समजा. गाडी थांबते, पण आत सुटी पडलेली वस्तू थांबत नाही. ती त्याच ५० च्या वेगाने पुढे जात राहते. १० मीटर उंचीवरून वस्तू खाली सोडली तर जमिनीवर पडताना तिला साधारण एवढाच वेग आलेला असतो. म्हणजे सीटमागे सुटा ठेवलेला १३ किलोचा जॅक अशा धडकेत पुढच्या माणसाला लागणं आणि तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून तो कुणाच्या अंगावर पडणं, यात फार फरक राहत नाही.

आता तो बांधलेला असेल तर त्या बांधणीवर किती जोर येतो, तेही बघा. ५० च्या वेगातली गाडी धडकेत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १३ किलोचा जॅक त्या क्षणी सुमारे २५० किलोच्या ओढीने पुढे खेचला जातो. सुतळी, जुनी ओढणी, दुचाकीवर सामान बांधायचा रबरी हुकवाला पट्टा, यातलं काहीच तेवढं धरत नाही. बोल्ट लागतात आणि त्या बोल्टांच्या मागे जाड पत्रा लागतो.

धडक राहू द्या, रोजचे खड्डेही कमी नाहीत. चाक खड्ड्यात आदळतं तेव्हा जॅकचं वजन क्षणभर काही पट होतं. तिप्पट धरलं तरी ३९ किलो. असे झटके दिवसातून शेकडो वेळा बसतात. त्यामुळे सुरुवातीला घट्ट वाटणारा नट महिन्याभरात सैल पडतो, पातळ पत्र्याला भोकाच्या कडेने तडा जातो, वेल्डिंग सुटतं. जॅक एका दिवसात पडत नाही. हळूहळू सुटत जातो आणि एक दिवस रस्त्यात मागच्या दुचाकीवाल्याच्या पुढ्यात पडतो.

जागा कुठली निवडायची

प्रत्येक जागेचा फायदा-तोटा वेगळा आहे. गाडी कुणाची, मागे कोण बसतं आणि रोज काय वाहून नेलं जातं, त्यावर ठरवा.

*गाडीच्या आत, मागच्या फरशीवर:* बहुतेकांसाठी हीच जागा चांगली. वजन खाली राहतं, जॅकला पाऊस-चिखल लागत नाही आणि चोरीची भीती कमी. मागच्या सीटच्या पाठीमागे, फरशीला लागून, आडवा बसवता आला तर उत्तम. मात्र आधी टेप लावून रुंदी मोजा. दोन्ही बाजूंच्या चाकांवरचे उंचवटे मध्ये येतात, त्यामुळे ४८ इंची जॅक प्रत्येक गाडीत आडवा मावेल असं नाही. मागे समोरासमोरच्या बाकड्यांवर माणसं बसत असतील, तर जॅक पायात येणार नाही आणि त्याचं टोक कुणाच्या नडगीला लागणार नाही, हे बघा.

*पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या मागे:* केबिनमागे पाइपची किंवा अँगलची मजबूत चौकट असेल, तर तिच्या खालच्या भागात आडवा जॅक छान बसतो. चौकट हौद्याला नीट बोल्टने धरलेली आहे ना, हे आधी तपासा. माल भरताना पोती जॅकवर आदळणार नाहीत आणि मजूर हँडलला धरून उभे राहणार नाहीत, अशी जागा निवडा. हौद्यात पाऊस पडतो, म्हणून इथे जॅक झाकावा लागतो.

*टपावरचं कॅरिअर:* जागा भरपूर असते, पण वजन सगळ्यात वर जातं. तिरप्या बांधावर गाडी कलते तेव्हा टपावरचा प्रत्येक किलो तिला आणखी कलवतो. शिवाय काढताना चिखलाच्या पायाने वर चढायचं आणि १३ किलोचा दांडा डोक्यावरून खाली घ्यायचा. तिथेच हात निसटतो. बाभळीच्या फांद्या हँडलमध्ये अडकतात ते वेगळंच. दुसरी जागाच नसेल, तर कॅरिअर टपाला बोल्टने बसवलेलं हवं आणि त्याची भारक्षमता माहीत हवी. नुसत्या पन्हाळीला चिमटा मारलेल्या कॅरिअरवर जॅक नको.

*मागचं दार आणि स्टेपनी:* काही गाड्यांत स्टेपनीचा भार मागच्या दाराच्या बिजागऱ्या आधीच सांभाळत असतात. त्यात जॅकची भर पडली की दार खाली बसायला लागतं, लॉक जुळत नाही, पत्र्याला तडे जातात. जॅकमुळे नंबर प्लेट किंवा मागचे दिवे झाकले जात असतील, तर ही जागा सोडूनच द्या. रात्री मागून येणाऱ्याला तुमची गाडी दिसली पाहिजे.

*पुढचा बंपर आणि बोनेट:* इथे जॅक बसवू नका. माणूस किंवा दुचाकी समोर आली, तर पहिला मार या लोखंडाचा बसतो. ज्या गाड्यांत एअरबॅग आहेत, त्यांचा पुढचा भाग धडकेत ठरावीक पद्धतीने दबावा, अशी रचना असते. तिथे लोखंड जोडलं की एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो. रेडिएटरची हवा अडते, तेही आहे.

*बाजूला, दाराखाली:* अरुंद रस्त्यावर समोरून बैलगाडी किंवा उसाची ट्रॉली आली की बाहेर आलेलं टोक कुणाला तरी लागणार. चिखलाचा सगळा मारा याच जागी होतो.

बसवायचा कसा

तयार क्लॅम्प विकत मिळतात. नाहीतर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन ब्रॅकेट करून घेता येतात. कुणाकडूनही करून घ्या, पण समोर उभं राहून पुढच्या गोष्टी बघून घ्या.

१. *दोन जागी धरा.* जॅकची पट्टी कमीत कमी दोन ठिकाणी धरलेली हवी. दोन्ही ब्रॅकेट एकमेकांपासून जितके लांब ठेवता येतील तितकं चांगलं. मधोमध एकाच बोल्टवर बसवलेला जॅक प्रत्येक खड्ड्यात तराजूसारखा डोलतो आणि तो बोल्ट तोडतो.

२. *पट्टी धरा, धावक नको.* भार पट्टीने घ्यायचा. धावक सरकणारा भाग आहे. त्याला धरून जॅक लटकवला तर पिना आणि स्प्रिंगा झिजतात. पट्टीला आधीपासून भोकं आहेत, त्यातूनच बोल्ट घाला. पट्टीत नवं भोक पाडायचं नाही आणि तिला वेल्डिंगही करायचं नाही. तापवलेल्या लोखंडाची ताकद बदलते आणि नंतर याच पट्टीवर गाडी उचलायची असते.

३. *बोल्ट चांगल्या प्रतीचा.* पट्टीच्या भोकात ढिला न पडणारा, साधारण १२ मिलिमीटरचा बोल्ट घ्या. त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो, तो बघून घ्या. भंगारातून उचललेला बिनमार्काचा बोल्ट नको. नट आतून नायलॉनची कडी असलेला लॉकनट घ्या. तो हादऱ्याने सहज सैल होत नाही. असा नट एकदा काढला की पुन्हा नवा लावलेला बरा. रोज हाताने काढायच्या जागी मोठ्या मुठीचा नट लावला असेल, तर त्याला आडवी पिन किंवा कुलूप हवंच.

४. *पत्र्याखाली जाड पट्टी.* गाडीच्या फरशीचा पत्रा पातळ असतो. नुसता वायसर लावून बोल्ट आवळला, तर जोराच्या झटक्यात वायसरसकट बोल्ट पत्रा फाडून वर येतो. म्हणून पत्र्याच्या खालच्या बाजूने ३ ते ४ मिलिमीटर जाडीची तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावा. जोर मोठ्या भागावर पसरतो. फरशीत जिथे आधीच मजबुतीचा आडवा चॅनेल किंवा सीटचे बोल्ट आहेत, त्याच्या जवळची जागा जास्त चांगली. पण सीटबेल्टचा बोल्ट काढून त्यात ब्रॅकेट अडकवू नका.

५. *भोक पाडण्याआधी खाली वाका.* फरशीखालून डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप, वायरिंग गेलेलं असतं. टाकीही तिथेच असते. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली बघून खूण करा. चेसिसच्या मुख्य पट्ट्यांना भोक पाडू नका. टाकीजवळ वेल्डिंग करायचं नाही. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचं असेल, तर आधी बॅटरीची वायर काढून ठेवा. भोक पाडल्यावर उघड्या पत्र्याला लगेच रंग लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

६. *हँडल आणि धावक बांधा.* हँडल पट्टीला लागून उभं करून त्याची क्लिप बसवा. क्लिपच्या भरवशावर सोडू नका. वरून एक रबरी पट्टा किंवा चामडी वेढा घ्या. खटका वर उचलायच्या बाजूला ठेवा. तो खाली उतरायच्या बाजूला राहिला, तर भार नसताना धावक पट्टीवर मोकळा सरकतो आणि प्रवासभर आदळत राहतो. ब्रॅकेट आणि पट्टी यांच्यामध्ये जुन्या टायरच्या रबराचा तुकडा ठेवा. आवाज थांबतो आणि नटही सैल होत नाहीत.

७. *टोकं झाका.* पाया आणि वरच्या क्लॅम्पच्या कडा धारदार असतात. आत बसवलेल्या जॅकच्या दोन्ही टोकांना जाड रबर किंवा फोम गुंडाळा.

सगळं बसल्यावर जॅक दोन्ही हातांनी धरून सगळ्या बाजूंनी जोरात हलवून बघा. जॅक हलवताना पूर्ण गाडी हलायला हवी. नुसता जॅक हलला, तर बसवणं अजून अपुरं आहे. मग प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा. नट सैल पडून फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना न लावताही कळतं. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा, नंतर महिन्यातून एकदा.

चिखल आणि गंज

हा जॅक अडतो तो बहुतेक वेळा धावकात माती साचल्याने. पिन भोकात पूर्ण गेली नाही आणि तशातच गाडी उचलली, तर भार अर्ध्या पिनेवर राहतो. तो कधीही सुटू शकतो. म्हणून बाहेर बसवलेल्या जॅकचा धावक झाका. त्यासाठी महाग कव्हर लागत नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून धावकावर गुंडाळला आणि दोन्ही बाजूंनी बांधला तरी चालतं. मात्र अशा आच्छादनात पाणी साचून राहतं, त्यामुळे पावसाळ्यात ते आठवड्यातून एकदा काढून जॅक वाळवा.

धावकाला ग्रीस थापू नका. ग्रीसवर धूळ बसते आणि तिची खरकटी पेस्ट होते. ब्रशने माती काढा, पातळ तेलाचा फवारा मारा, धावक पूर्ण पट्टीवर वर-खाली फिरवा. दोन्ही पिना खटखट आवाज करत भोकात जाताहेत ना, ते डोळ्यांनी बघा. पट्टी वाकलेली असेल, पिन झिजलेली असेल, स्प्रिंग तुटली असेल, तर तो जॅक दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीने दिलेली गाडी यात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीला पुढून लावलेल्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं.

गाडीच्या आत ब्रॅकेटवर धरलेला जॅक आणि बंपरवर बाहेर आलेला लोखंडी सांगाडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीची लांबी-रुंदी वाढेल, बंपर बदलावा लागेल किंवा दिवे, नंबर प्लेट झाकली जाईल असं काही करणार असाल, तर आधी आरटीओ कार्यालयात विचारा. विमा कंपनीलाही कळवून ठेवलेलं बरं.

घरात साधाच जॅक असेल तर?

बहुतेकांकडे गाडीबरोबर आलेला कैची जॅक किंवा बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक असतो. सुट्या जॅकचा धोका त्यालाही तसाच लागू आहे. कंपनीने त्याच्यासाठी सीटखाली किंवा बाजूला जागा दिलेली असते. कैची जॅक त्या खोबणीत ठेवून हाताने थोडा उघडला की तो वर-खाली दाबून घट्ट बसतो. बाटली जॅक उभाच ठेवायचा. आडवा पडला की तेल गळतं आणि ऐन वेळी दाब धरत नाही. टॉमी आणि पाना कापडात गुंडाळून बांधून ठेवा. ड्रायव्हरच्या सीटखाली तर काहीच सुटं ठेवू नका. घरंगळत जाऊन ब्रेकच्या पायडलखाली अडकलं, तर ब्रेक लागणार नाही.

उचलताना या चुका टाळा

जॅक नीट बसवला म्हणजे निम्मं काम झालं. तो काढल्यावर खरा धोका सुरू होतो. हाय-लिफ्ट जॅक उंच आणि अरुंद आहे. एका पट्टीवर गाडी तोललेली असते. त्यामुळे पुढचं काटेकोर पाळा.

• सगळ्यांना गाडीतून उतरवा. हँडब्रेक लावा आणि जी चाकं जमिनीवर राहणार आहेत, त्यांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून हलणार नाही, ही समजूत चुकीची आहे. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि गिअरचा अटकाव राहत नाही.

• पायाखाली फळी टाका. जॅकचा पाया साधारण १० बाय १८ सेंटिमीटरचा असतो. त्यावर ८०० किलो आले, तर दर चौरस सेंटिमीटरला जवळपास साडेचार किलोचा दाब पडतो. ओली काळी माती तो सहन करत नाही, जॅकच खाली जातो. ४५ बाय ४५ सेंटिमीटरची जाड फळी टाकली की तोच दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. फळी एक इंचाची पातळ नको, मधोमध मोडेल. जॅकबरोबरच ही फळीही गाडीत बांधून ठेवा.

• प्लॅस्टिकच्या बंपरला जॅक लावायचा नाही. लोखंडी बंपर, कंपनीने सांगितलेली उचलायची जागा किंवा त्यासाठी बनवलेला हुक, यांनाच लावा. बऱ्याच नव्या गाड्यांना हाय-लिफ्ट जॅक थेट लावण्यासारखी जागाच नसते. तुमच्या गाडीला ती आहे का, हे जॅक विकत घेण्याआधी बघा.

• जॅकवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त भार देऊ नका आणि हँडलला पाइप घालून ते लांब करू नका. जोर लागत नाही, म्हणजे काहीतरी चुकतंय.

• हँडल आणि पट्टी यांच्यामध्ये डोकं कधीच आणू नका. हात निसटला की हँडल जबड्यावर बसतं आणि दात, हाड दोन्ही मोडतात. बाजूला उभं राहा, दोन्ही हातांनी धरा. काम नसताना हँडल उभं करून क्लिप लावा.

• खाली उतरवताना जास्त जपा. खटका बदलण्याआधी हँडल उभं हवं. उतरवताना भार हँडलला वर ढकलत असतो, म्हणून पकड सोडायची नाही. जॅकवर सुमारे ७० किलोपेक्षा कमी भार राहिला, तर धावक टप्प्याटप्प्याने न उतरता एकदम खाली घसरतो. बोटं त्याच्या खाली नकोत.

• गाडीखाली शिरू नका. चाक काढायचं असेल तर स्टेपनी चेसिसखाली सरकवून ठेवा. जॅक निसटलाच, तर गाडी टायरवर थांबेल.

• चिखलातून निघायला गाडी हातभर उंच करावी लागत नाही. चाक खड्ड्यातून वर आलं की खाली दगड, पऱ्हाट्या, गोणपाट भरा, गाडी हळूच उतरवा आणि मगच जॅक काढून बाहेर पडा. जॅक लावलेला असताना कुणी गाडी चालू करून रेटा मारायचा नाही.

कुणाला लागलंच तर १०८ ला फोन करा. डोक्याला किंवा मानेला मार असेल, तर माणसाला ओढून बसवू नका.

निघण्याआधी एवढं बघा

गाडी बाहेर काढताना दोन मिनिटं लागतात:

– जॅक हाताने हलवला तर हलतो का?
– नटांवरच्या रंगाच्या रेघा जुळलेल्या आहेत का?
– हँडलची क्लिप आणि पट्टा लागलेला आहे का?
– बाटली जॅक, टॉमी, पाना, फळी यातलं काही सुटं आहे का?
– मागचे दिवे आणि नंबर प्लेट पूर्ण दिसते का?

पाच जणांची बोलेरो असो की ऊसतोडीला जाणारा पिकअप, मागे बसणाऱ्याला जॅक कुठे आणि कशाने बांधलाय, हे माहीत नसतं. ते बघायची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची. फॅब्रिकेशनवाल्याकडचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. पेरणीची घाई सुरू होण्याआधी ते उरकून घ्या.